वाचक विचारतात : रस्ता ओलांडायची जागा ठरवायची कशी?

नवं झेब्रा क्रॉसिंग मागायचं कसं, ते नेमकं कुठे हवं आणि त्यावरून वस्तीत होणारे वाद मिटवायचे कसे, याबद्दल बरीच पत्रं आली. त्यांतली निवडक इथे घेतली आहेत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात ३२,८२५ पादचाऱ्यांचा रस्त्यावर मृत्यू झाला. त्यामुळे उत्तरं मोघम ठेवलेली नाहीत. अभियंत्यासमोर बसाल तेव्हा मापं आणि आकडे हाताशी असावेत, हा हेतू आहे.

आमची जिल्हा परिषदेची शाळा राज्य महामार्गाला लागून आहे. सुमारे १२० मुलं रस्त्यापलीकडच्या वस्तीतून चालत येतात. क्रॉसिंगसाठी अर्ज केला, तर ‘पादचारी संख्या निकषात बसत नाही’ असं उत्तर आलं. हा निकष काय आहे? आता आम्ही काय करावं?
— मुख्याध्यापिका

हा निकष इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेच्या पादचारी सुविधांच्या संहितेत, म्हणजे आयआरसी १०३ मध्ये, बरीच वर्षं चालत आलेला आहे. चौक नसलेल्या ठिकाणी नियंत्रित क्रॉसिंग द्यायचं का हे ठरवताना गर्दीच्या तासात रस्ता ओलांडणारी माणसं मोजतात आणि त्या आकड्याला त्याच तासातल्या दोन्ही दिशांच्या वाहनसंख्येच्या वर्गाने गुणतात. दुभाजक नसेल तर गुणाकार दहा कोटींच्या वर, दुभाजक असेल तर वीस कोटींच्या वर जायला हवा. तुमची मुलं १२० आणि वाहनं समजा तासाला ५०० धरली, तर १२० × ५०० × ५०० म्हणजे तीन कोटी होतात. फाईल इथेच बंद होते.

पण त्याच संहितेत आणखी तीन कारणं दिलेली आहेत : येणाऱ्या वाहनांचा वेग ताशी ६५ किलोमीटरच्या वर असणं, ओलांडण्यासाठी फार वेळ ताटकळावं लागणं आणि वर्षभरात पाच किंवा अधिक पादचारी जखमी झालेले असणं. शेवटचं कारण शाळेने पुढे करण्याची वेळच येऊ नये. पहिली दोन तुम्ही स्वतः मोजू शकता.

शिवाय गुणाकाराच्या सूत्रात एक मोठी उणीव आहे. मुलं तासभर विखरून येत नाहीत, घंटेआधीच्या पंधरा मिनिटांत येतात. त्या पंधरा मिनिटांचा ताण तासाच्या दराने मांडला तर ४८० × ५०० × ५०० म्हणजे बारा कोटी होतात. सूत्र तासाचं असल्याने हा आकडा ‘निकष पूर्ण’ म्हणून देता येणार नाही, पण अर्जात तो जरूर दाखवा. दुसरी उणीव अशी, की रस्ता ओलांडायचं धाडसच ज्यांनी सोडलं ते मोजणीत येत नाहीत. ज्या मुलांना पालक दुचाकीवरून सोडतात त्यांची यादी वर्गशिक्षकांकडून घ्या आणि वेगळा रकाना करून जोडा. ब्रिटनमध्येही हेच सूत्र चालत असे. तिथे १९९५ च्या मार्गदर्शिकेपासून नुसत्या गुणाकाराऐवजी जागेची पूर्ण पाहणी करून निर्णय घेण्यावर भर आला.

मोजणी अशी करा. शाळेच्या दारापासून दोन्ही बाजूंना ५० मीटरवर चुन्याची खूण करा. परीक्षा, सण आणि पावसाचा दिवस टाळून दोन साधे दिवस निवडा आणि आठवडी बाजाराचा एक दिवस वेगळा धरा. दर पंधरा मिनिटांना नवी ओळ ठेवा. चालणाऱ्यांचे रकाने चार : लहान मुलं, मोठी माणसं, ज्येष्ठ, आणि काठी, व्हीलचेअर किंवा डोक्यावर ओझं असलेले. वाहनांचे रकाने दुचाकी, मोटार व रिक्षा, एसटी व ट्रक असे करा. प्रत्येक दिशेला एक माणूस बसवा, नाहीतर गर्दीत आकडे चुकतात. हाताने काढलेल्या नकाशावर प्रत्येक ओलांडणीला एक टिंब द्या. टिंबांची दाटी जिथे दिसेल तिथेच क्रॉसिंगची जागा आहे, मग ती दारासमोर असो वा पिंपळाजवळच्या पायवाटेच्या तोंडाशी.

वेग मोजायला रडार लागत नाही. ५० मीटर अंतर पार करायला वाहनाला ६ सेकंद लागले तर वेग ताशी ३० किलोमीटर, ४.५ सेकंद लागले तर ४०, ३.६ लागले तर ५० आणि ३ लागले तर ६०. अशी मोकळी धावणारी १०० वाहनं मोजा, हळूपासून वेगवानापर्यंत लावा आणि ८५वा आकडा घ्या. अभियंते हाच आकडा वापरतात. त्याबरोबर वाहनांमधली फटही मोजा. सात मीटर रुंद रस्ता लहान मुलाला ओलांडायला सेकंदाला एक मीटर या चालीने सात सेकंद लागतात. बघून पाऊल उचलायला तीन धरा. म्हणजे दहा सेकंदांची फट हवी. अशा किती फटी तासात मिळतात हे लिहून काढा. वाट पाहणं ३०-४० सेकंदांच्या पुढे गेलं की मोठी माणसंसुद्धा धोका पत्करतात.

राज्य महामार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतो, त्यामुळे अर्ज तिथल्या उपअभियंत्यांना करा आणि प्रती पोलीस ठाण्याला व जिल्हाधिकाऱ्यांना द्या. जिल्हा रस्ता सुरक्षा समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारीच असतात. सोबत शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव आणि ग्रामसभेचा ठराव जोडा. ग्रामसभेआधी होणाऱ्या महिला सभेत हा विषय आवर्जून घ्या. मुलांना सोडायला कोण येतं, कुठे थांबतं, काय टाळतं हे तिथे जितकं नेमकं कळतं तितकं दुसरीकडे कळत नाही.

आणि मागताना नुसते पट्टे मागू नका. ८० च्या वेगाने येणाऱ्या वाहनाला थांबायला आयआरसीच्या हिशेबाने १२० मीटर दृष्टिअंतर, म्हणजे पुढचा रस्ता दिसेल असं मोकळं अंतर, लागतं, ६० ला ८० मीटर, ४० ला ४५ मीटर. वेग तोच राहिला तर पट्ट्यांनी मुलांना खोटा भरवसा मिळतो. शाळेचा फलक, आधी रंबल पट्ट्या (चाकाखाली खडखडणाऱ्या आडव्या पट्ट्या), वेगमर्यादा, दोन्ही बाजूंना गतिरोधक, दिवा आणि मग पट्टे, असं एकत्र काम मागा. गतिरोधकाचं आयआरसीचं माप १७ मीटर त्रिज्या, ३.७ मीटर रुंदी आणि १० सेंटिमीटर उंची असं आहे. त्यावरून वाहन ताशी २५ च्या आसपास जातं. अर्धा मीटर रुंदीचा उभा उंचवटा गावाने स्वतः घालू नये. रात्री दुचाकीवाले त्यावरून पडतात आणि मग सगळंच उखडलं जातं.

आमच्या सोसायटीसमोरच्या चौपदरी रस्त्यावर पाठपुरावा करून झेब्रा पट्टे मारून घेतले. कुणी थांबत नाही. एकदा एक मोटार थांबली, बाई पुढे निघाल्या आणि पलीकडच्या लेनमधून आलेल्या दुचाकीने त्यांना धडक दिली. पट्टे काढून टाकायला सांगावं का?
— गृहनिर्माण संस्थेचे सचिव

काढू नका, क्रॉसिंग पुरं करून घ्या. तुम्ही वर्णन केलेला अपघात एकाच दिशेला दोन लेन असलेल्या रस्त्यांवर ठरलेल्या पद्धतीने होतो. पहिली मोटार पट्ट्यांच्या अगदी तोंडाशी थांबते, तिच्याआड चालणारा झाकला जातो आणि दुसऱ्या लेनमधल्या चालकाला तो शेवटच्या क्षणी दिसतो. उपाय स्वस्त आहे. थांबरेषा पट्ट्यांना चिकटून न मारता ६ ते १५ मीटर मागे घ्यायची, ‘येथे थांबा’ असा फलक त्या रेषेवरच लावायचा. मोटार मागे थांबली की मधला कोन उघडा राहतो आणि दोघांनाही एकमेक दिसतात.

दुसरं, मधे थांबायला जागा हवी. तुमचा दुभाजक बहुधा ६० सेंटिमीटरचा असेल. त्यावर माणूस आडवा उभा राहतो, पिशवी आणि पोर सांभाळत. किमान १.२ मीटर हवा, खरं तर २ मीटर, म्हणजे बाबागाडी किंवा व्हीलचेअर पूर्ण मावते. जागा नाही असं सांगितलं जाईल, तेव्हा हिशेब मांडा : प्रत्येक बाजूचा ७ मीटरचा रस्ता फक्त क्रॉसिंगपाशी ६.३ मीटर केला तर दोन्हींकडून ७०-७० सेंटिमीटर मिळून दुभाजक २ मीटरचा होतो. लेन अरुंद झाली की चालकाचा पाय आपोआप ब्रेककडे जातो, हा जास्तीचा लाभ. दुभाजकातली वाट रस्त्याच्या पातळीलाच कापलेली असावी, पायरी नको. दोन्ही बाजूंना वीसेक मीटर झुडपं गुडघ्याच्या वर वाढू देऊ नका. शोभेसाठी लावलेली कण्हेर शाळकरी मुलाला पुरतं झाकते.

तिसरं आणि सगळ्यांत मोठं, वेग. कोरड्या रस्त्यावर ताशी ५० ने येणारं वाहन, चालकाला दीड सेकंद प्रतिसादाला लागला असं धरलं, तर सुमारे ३५ मीटरवर थांबतं. ३० ने येणारं साधारण १८ मीटरवर. तुमच्या रस्त्यावर उंचावलेलं क्रॉसिंग बसू शकतं. पट्ट्यांची पूर्ण रुंदी पदपथाच्या पातळीला किंवा रस्त्यापासून १० सेंटिमीटर उचलायची, माथा सपाट तीन ते पाच मीटर, दोन्ही बाजूंना उतार. बसमार्ग असेल तर उतार लांब ठेवायचा, नाहीतर मागच्या आसनावरचे प्रवासी आपटतात आणि बससेवेकडून तक्रार येते.

या कामात दोन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली पाण्याची. उंचवटा रस्त्याला आडवा बांध घालतो आणि जूनच्या पहिल्या सरीत त्याच्या वरच्या अंगाला तळं साचतं. मग लोक पट्टे सोडून वळसा घालतात. म्हणून उंचवट्याच्या चढाच्या बाजूला जाळीची गटारतोंडं आणि कडेने पाणी जायची वाट अंदाजपत्रकातच हवी. दुसरी डांबरीकरणाची. पुढच्या खेपेला जुना थर न खरवडता नवा थर टाकला तर उंचवट्याची उंची निम्म्यावर येते आणि पदपथाचा उतारही बुजतो. ‘क्रॉसिंगच्या आधी-नंतर खरवडूनच थर टाकावा’ ही अट पत्रात लिहून घ्या.

दिव्याचा खांब बरोबर पट्ट्यांच्या डोक्यावर नको. येणाऱ्या वाहनाच्या बाजूला, पट्ट्यांच्या थोडा अलीकडे असला तर उजेड चालणाऱ्याच्या समोरच्या अंगावर पडतो. डोक्यावरच्या दिव्याखाली माणूस काळा दिसतो.

प्रभागात तीन नव्या क्रॉसिंगसाठी निधी मिळाला. काम सुरू होताच दुकानदारांनी अडवलं : ‘आम्हाला विचारलं नाही, पार्किंग जाईल.’ बैठक बोलावली तर ठरावीक पंधरा माणसं आली आणि आवाज चढले. लोकांचं मत घ्यायचं तरी कसं?
— प्रभागातील नगरसेविका

तुमच्याकडे लोकांना आराखडा झाल्यावर बोलावलं गेलं, आणि गाडं तिथेच अडलं. नकाशा तयार, वर्क ऑर्डर निघालेली आणि मग ‘सूचना द्या’ म्हटलं की लोकांकडे विरोध ही एकच सूचना उरते. कुठे ओलांडायचं हे रोज ओलांडणाऱ्याला अभियंत्याहून जास्त कळतं. त्याला विचारणं हे आराखड्याचं पहिलं काम आहे, मोजणीइतकंच.

सभागृहातल्या बैठकीला कोण येत नाही, ते आधी लिहून काढा. धुणीभांडी करणाऱ्या बाया सकाळी सहा ते अकरा चार घरांमध्ये धावत असतात. शाळकरी मुलं, रात्रपाळीचे कामगार, हातगाडीवाले, गुडघेदुखीने घराबाहेर न पडणारे आजोबा, हे कुणीच संध्याकाळी सातच्या बैठकीत नसतात. रस्ता सर्वांत जास्त ओलांडतात मात्र तेच. त्यांना गाठायचं तर बसथांब्यावर, मंडईच्या दारात, शाळा सुटताना, शुक्रवारी नमाजानंतर, मंगळवारी गणपतीच्या देवळाबाहेर उभं राहायला हवं. एका जागी दोन-दोन तास, निरनिराळ्या वेळांना.

प्रश्न कोणता विचारता यावर बरंच अवलंबून आहे. ‘झेब्रा हवा का?’ याला सगळे हो म्हणतात, त्यातून काहीच कळत नाही. विचारायचं असं : तुम्ही हा रस्ता कुठे ओलांडता? ही जागा का? दिवसातल्या कोणत्या वेळी टाळता? शेवटचं कधी घाबरलात? मोठा नकाशा पुठ्ठ्यावर चिकटवून लोकांना स्वतः टिकली लावू द्या. ओलांडतात तिथे हिरवी, टाळतात तिथे लाल. दोनशे टिकल्यांनंतर दिसणारं चित्र कोणत्याही बैठकीत मांडलं तरी वाद निम्म्यावर येतो, कारण मग चर्चा तुमच्या-आमच्या मताची राहत नाही.

नोटीस संकेतस्थळावर टाकून भागत नाही. प्रस्तावित जागेच्या दोन्ही बाजूंना, खांबावर, डोळ्यांच्या उंचीला, मोठ्या अक्षरांत मराठीत आणि वस्तीत बोलल्या जाणाऱ्या दुसऱ्या भाषेत फलक लावा. त्यावर नकाशा, काय बदलणार, किती पार्किंग जाणार, सूचना कुठे व कोणत्या तारखेपर्यंत द्यायच्या आणि कनिष्ठ अभियंत्याचा कार्यालयीन क्रमांक असू द्या. तीन आठवडे तरी तो राहावा. पार्किंग जाणार हे लपवू नका. ते नंतर कळलं की पुढची तीन वर्षं तुमच्या कोणत्याही फलकावर कुणी विश्वास ठेवत नाही.

दुकानदारांकडे एकेकट्याने जा. गर्दीत प्रत्येकजण दुसऱ्याच्या तोंडचं बोलतो. वेगळं बसलं की खरी अडचण बाहेर येते, आणि ती बहुतेक वेळा गिऱ्हाइकाच्या मोटारीपेक्षा माल उतरवण्याची असते. टेम्पो किती वाजता येतो, किती वेळ थांबतो, एवढं लिहून घ्या. माल उतरवायची जागा वीस मीटर पुढे, सकाळी दहाच्या आत, असं ठरवून दिलं की बराचसा विरोध विरतो. पार्किंगचा हिशेबही उघड मांडा. पट्ट्यांकडे येणाऱ्या वाहनांच्या बाजूला दहा मीटर मोकळे ठेवले तर दोन मोटारींची जागा जाते. तिथे सायकली उभ्या करायला हरकत नाही, कारण त्यांच्या आड मूल झाकलं जात नाही. मोटार, टेम्पो आणि जाहिरातीचा फलक मात्र अजिबात नको.

मग पाहणी फेरी. कनिष्ठ अभियंता, वाहतूक शाखेचे अधिकारी, एक व्हीलचेअर वापरणारी व्यक्ती, एक अंध व्यक्ती, एक दुकानदार, शाळेचे शिक्षक, बसचे वाहक. एकदा सकाळी गर्दीत, एकदा अंधार पडल्यावर. बसथांबा कुठे आहे हे बारकाईने बघा. थांबा पट्ट्यांच्या पुढे असावा, म्हणजे उतरलेले लोक मागे येऊन बसच्या पाठीमागून ओलांडतात आणि त्यांना येणारी वाहनं दिसतात. थांबा अलीकडे असेल तर ते बसच्या तोंडापुढून निघतात आणि ओव्हरटेक करणाऱ्या दुचाकीसमोर येतात.

यानंतरही एकमत नसेल तर चाचणी घ्या. पोलिसांच्या परवानगीने दोन आठवडे शंकू, पाण्याने भरलेले प्लास्टिकचे अडथळे आणि तात्पुरत्या रंगाने तेच क्रॉसिंग उभं करा. त्याआधी आणि त्यादरम्यान त्याच वेळांना मोजा : किती लोक पट्ट्यांवरून गेले, किती बाहेरून, वेग किती, वाहनांची रांग किती लांब. विरोधकांपैकी कुणाला तरी मोजणीला बसवा. आकडा ज्याने स्वतः लिहिला तो त्याला खोटा म्हणत नाही.

शेवटी लेखी उत्तर द्या. एका बाजूला आलेली सूचना, दुसऱ्या बाजूला काय केलं, आणि केलं नसेल तर का नाही. तो तक्ता त्याच खांबावर लावा. ही पायरी जवळजवळ सगळीकडे गाळली जाते. मग पुढच्या वेळी लोक येतच नाहीत आणि ‘नागरिकांचा प्रतिसाद नाही’ असा शेरा पडतो. कायद्याचा आधार हवा असेल तर महाराष्ट्रात २००९ पासून क्षेत्रसभांची, म्हणजे प्रभागातल्या छोट्या भागातल्या मतदारांच्या सभांची, तरतूद आहे, आणि पुण्यात २००६ पासून नागरिक प्रभागातली छोटी कामं महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी सुचवू शकतात. पार्किंगबंदी मात्र ठरावाने लागू होत नाही. तिच्यासाठी वाहतूक पोलिसांची अधिसूचना लागते, ती आराखड्याबरोबरच मागा. नाहीतर पट्टे तयार होतात आणि त्यांच्यावर उभ्या मोटारीला कुणी हात लावू शकत नाही.

चौकात पादचाऱ्यांचा हिरवा दिवा इतका थोडा वेळ असतो की आम्ही मधेच अडकतो. वेळ वाढवून मिळते का?
— ज्येष्ठ नागरिक संघ

मिळते, आणि तुमची मागणी पूर्ण तांत्रिक आधाराची आहे. हिशेबात सहसा सेकंदाला १.२ मीटर ही चाल धरतात. १४ मीटर रस्त्याला त्या चालीने बारा सेकंद पुरतात. काठी घेऊन चालणाऱ्याची चाल ०.८ धरली तर साडेसतरा लागतात. त्याआधी पाऊल उचलायला सातेक सेकंद स्थिर हिरवा दिवा हवा. फीत घेऊन कडेपासून कडेपर्यंतचं अंतर मोजा, घड्याळाने दिव्याचा वेळ मोजा आणि तीन ओळींचं पत्र वाहतूक शाखा व महापालिकेच्या विद्युत विभागाला द्या.

पण सेकंद वाढवण्याआधी दोन गोष्टी तपासायला सांगा. दुभाजकात थांबायची २ मीटर जागा केली तर अंतर दोन तुकड्यांत विभागतं आणि एकेक तुकडा सात मीटरच्या आत येतो. दुसरं, पूर्ण चक्र किती सेकंदांचं आहे? दीडशे-दोनशे सेकंदांच्या चक्रात लोक लाल दिव्यावरच निघतात, मग हिरवा कितीही लांब ठेवा. शंभरच्या आतलं चक्र चालणाऱ्यांना जास्त उपयोगी पडतं. ‘फ्री लेफ्ट’, म्हणजे सिग्नलसाठी न थांबता डावीकडे वळायची मुभा, असेल तर तोही बंद करायला सांगा. तुमचा हिरवा दिवा चालू असताना डावीकडे वळणारी वाहनं तो खाऊन टाकतात.

क्रॉसिंगऐवजी पादचारी पूल देऊ म्हणतात. घ्यावा का?
— एक वाचक, उपनगर

वस्तीतल्या रस्त्यावर नको. वाहनांसाठी साडेपाच मीटर मोकळी उंची सोडून वर तुळईची जाडी धरली तर चालायची पातळी सहा मीटरवर जाते. १५ सेंटिमीटरच्या पायरीने ते ४० पायऱ्यांचं चढणं आणि ४० चं उतरणं होतं. सरकता जिना आणि लिफ्ट चालू राहण्याची हमी कुणी लेखी देत नाही. पूल रिकामा राहतो, खाली लोक ओलांडतच राहतात आणि आता ‘सोय दिली होती’ म्हणून दोष त्यांच्यावर येतो. द्रुतगती मार्ग आणि रेल्वे रूळ यांची गोष्ट वेगळी, तिथे पूल किंवा भुयारी मार्गच हवा.

मी पूर्ण अंध आहे. आमच्या भागात पदपथावर पिवळ्या टाइल्स बसवल्या, पण त्या मला खांबाला नेऊन धडकवतात आणि क्रॉसिंगपाशी अचानक संपतात. काय मागणी करू?
— एक वाचक

टाइल्स दोन प्रकारच्या असतात. लांब उभ्या रेघांच्या टाइल्स वाट दाखवतात, गोल ठिपक्यांच्या ‘थांब, पुढे काहीतरी आहे’ असं सांगतात. तुमच्याकडे बहुधा ठेकेदाराने दोन्ही शोभेसारख्या एका ओळीत बसवल्या. मागणी अशी लिहा : क्रॉसिंगच्या तोंडाशी, उताराच्या पूर्ण रुंदीभर, ३०० मिलिमीटरच्या ठिपक्यांच्या टाइल्सच्या दोन रांगा, म्हणजे ६०० मिलिमीटर पट्टा. दुभाजकातल्या थांब्याच्या दोन्ही कडांनाही तोच पट्टा. रेघांच्या टाइल्सची दिशा पट्ट्यांच्या दिशेशी जुळलेली, तिरकी नाही, कारण तुम्ही त्याच दिशेने पाऊल टाकणार आहात. ओळीपासून दोन्ही बाजूंना खांब, डीपी, कचरापेटी आणि झाडाचा पार दूर हवेत.

पदपथाचा उतार १ ला १२ पेक्षा तीव्र नसावा आणि रुंदी किमान १.२ मीटर असावी. खालची कड रस्त्याशी सपाट हवी. तिथे दोन सेंटिमीटरची पायरी राहिली तरी व्हीलचेअरचं पुढचं चाक अडतं. पण अगदी सपाट कड अंध व्यक्तीला जाणवत नाही, म्हणूनच ठिपक्यांचा पट्टा वगळून चालत नाही. दोन्ही गरजा एकत्र भागतात त्या अशा. दुचाकी चढू नयेत म्हणून तोंडाशी खांब ठोकायची सूचना येईल. व्हीलचेअर जाईल अशी एक फट ठेवली की दुचाकीही तिथून जाते. त्यामुळे खांबांवर भिस्त ठेवण्याऐवजी सुरुवातीच्या महिन्यांत तिथे वाहतूक पोलिसाची नेमणूक मागा. सिग्नल असेल तर आवाजाची सूचनाही मागा, आणि बटणाचा खांब ठिपक्यांच्या पट्ट्यालगत असू द्या.

दर दिवाळीला पट्टे मारतात, होळीपर्यंत पुसतात. जबाबदार कोण?
— व्यापारी संघाचे सदस्य

पट्टे साध्या रंगाचे होते की थर्मोप्लास्टिकचे, ते आधी बघा. शासकीय तपशिलानुसार थर्मोप्लास्टिक गरम करून २.५ मिलिमीटर जाडीने टाकतात आणि वर चौरस मीटरला २५० ग्रॅम काचेचे मणी पेरतात. रात्री दिव्यात चमकतात ते हेच. असं काम दोन वर्षं टिकायला हवं. पट्टा ५० सेंटिमीटरचा, मधली जागा ५० सेंटिमीटरची, आणि पट्ट्यांची लांबी म्हणजे चालायची रुंदी आम्ही तीन मीटरच्या खाली सुचवणार नाही.

पुसलं जाण्याची कारणं ठरलेली आहेत. धुळीवर किंवा ओल्या रस्त्यावर काम झालं, काँक्रीटवर प्रायमर न लावता टाकलं, पेव्हर ब्लॉकवर टाकलं आणि सांध्यांतून तुकडे निघाले, किंवा जाडीच कमी. जाडी तपासायची सोपी रीत : काम चालू असताना वाटेत पत्र्याचा छोटा तुकडा ठेवा, थर त्याच्यावर पडू द्या, थंड झाल्यावर तो उचलून व्हर्नियरने मापा आणि पत्र्याची जाडी वजा करा. हे कनिष्ठ अभियंत्यासमोर करा, पंचनाम्यावर दोघांच्या सह्या घ्या. काम पावसाळा संपल्यावर, रस्ता नीट वाळल्यावरच होऊ द्या.

जबाबदारीसाठी माहिती अधिकारात दहा रुपये शुल्क भरून चार गोष्टी मागा : वर्क ऑर्डरची प्रत, मापन पुस्तिकेतली संबंधित पानं, दोषदायित्व कालावधी (काम बिघडल्यास ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायची मुदत) आणि वापरलेल्या मालाचे चाचणी अहवाल. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून पट्ट्यांचा अर्ज वेगळा आणि दिव्यांचा वेगळा करा. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. दोषदायित्व कालावधी चालू असेल तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते. त्यासाठी नवा निधी मागण्याची गरज नाही, हे पत्रात ठळक लिहा. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८अ आलं आहे. रस्त्याच्या रचनेचे, बांधकामाचे किंवा देखभालीचे निकष न पाळल्याने कुणाचा मृत्यू झाला किंवा कुणाला अपंगत्व आलं, तर संबंधित यंत्रणा, ठेकेदार किंवा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पुसलेल्या पट्ट्यांचं छायाचित्र तारखेसह, मागे ओळखीची खूण दिसेल असं काढून प्रत्येक पत्राला जोडत जा, आणि पत्राची पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.